नाव भरतीला सुटेल

नाही, मला एक सांगा, धरणाला भरती येते का? हसू नका, मी मनापासून विचारतेय! समुद्राला येते, खाडीला येते, शाळेत शिकलो आपण, चंद्र ओढतो वगैरे... पण चार डोंगरांच्या मधे भिंत घालून अडवलेलं पाणी, त्याला भरती? त्याला ओहोटी? मी बी.एस्सी. झालेली मुलगी, प्राणिशास्त्र घेऊन, पेणच्या कॉलेजातून, आणि माझ्या आयुष्यातल्या पाच सकाळी मी धरणाच्या काठावर एकच वाक्य ओरडत घालवल्या. मामा, धरणाला भरती येत नाही! आणि मामा काय म्हणाला? "अजून येल झाली नाय गो, मंग कशी येल?" पहिलं येल म्हणजे वेळ, दुसरं म्हणजे येईल.

आता हा मामा कोण, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच भांडकुदळ. काळुराममामा, माझ्या आईचा सख्खा भाऊ. खाडीकाठचा. चाळीस वर्षं मिठागरात काम, आणि मीठ नसेल तेव्हा खाडीत होडी. मिठागर बंद पडलं तसा बहिणीकडे राहायला आला, म्हणजे आमच्याकडे, डोंगराकडच्या गावात, जिथे भात आणि वाल याच्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. पहिल्या दिवशी धरणावर गेला, ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं, आणि थू करून थुंकला. "अळनी!" बस. एवढ्या मोठ्या धरणावर एका शब्दात निकाल! आणि दुसऱ्या दिवसापासून, तुम्हाला सांगते, रोज सकाळी मूठभर खडेमीठ नेऊन पाण्यात टाकायचा. मी म्हटलं, मामा, हे काय? म्हणे, "जरा चव लागू दे गो त्याला." अहो, कोट्यवधी लिटर पाणी! मुठीने मीठ! मी हिशेब करून दाखवला, की मामा, हे धरण खारट व्हायला तुला काही लाख वर्षं लागतील. तर म्हणतो, "मना कुठं जायचाय?"

बरं, भांडणाचं मूळ नाव. नाव म्हणजे होडी. आमच्या गावची मच्छीमार सोसायटी आहे. कशी आहे विचारू नका, एकाही सभासदाला पोहता येत नाही. काठावरून जाळी टाकतात आणि कमरेच्या वर पाणी आलं की देवाचं नाव घेतात. तर या सोसायटीला योजनेतून एक नवीकोरी फायबरची होडी मिळाली, मागे इंजिन, आणि ती दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. का? तर खराब होईल म्हणून! मी अर्ज केला. रीतसर. मराठीत टाइप करून. की ही होडी मला चालवायला द्या, मी गळ टाकणारे हौशी लोक आणीन मुंबई-पुण्याहून, धरणात खोलवर मोठमोठे शिवडे मासे आहेत, ते धरायला लोक लांबून येतात, धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. अर्ज वाचून आमचे चेअरमन हैबतराव चष्मा काढून म्हणाले, "सोडून देतात? म्हणजे... धरलेला?" म्हटलं, हो. "मग धरतात कशाला?" सगळी कमिटी हसली. मग म्हणतात, "आनी पोरी, नाव कोन चालवनार? तू?" आणि परत हसले! मला असा राग आला ना, की तिथली पाण्याची कळशी उचलून... नाही उचलली. पण हात गेला होता.

आणि हैबतरावांचा स्वतःचा बेत काय, ऐका. त्या होडीचा हंस करायचा! म्हणजे पुढे हंसाची मान लावायची, बाजूला पंख रंगवायचे, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांना फोटोसाठी बसवायचं. मान तर बनवूनही आणली होती, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून. आता त्या कारागिराने आयुष्यभर गणपतीचेच डोळे आखलेले, त्याने हंसालाही तेच काढले. लांबट, शांत, अर्धे मिटलेले, भक्तांकडे बघणारे. ती मान हैबतरावांच्या ओटीवर उभी, आणि येणारी-जाणारी बाई चप्पल काढून नमस्कार करून पुढे जायची!

शेवटी मीच म्हटलं, ठीक आहे, परीक्षा घ्या. आणि मंगळवारी ठरलं. रविवारी अकराला सभा. तोपर्यंत मी होडीतून, गळाने, जाळं न लावता, दहा किलोच्या वरचा मासा जिवंत आणून दाखवला तर होडी माझी. नाही आणला तर हंस. आणि एक अट वर, बाईमाणूस पाण्यात एकटं नको, इंजिनावर कुणीतरी जाणता पाहिजे. गावात होडीतला जाणता एकच. कोण? बरोबर ओळखलंत. ज्याला धरणाला भरती येते असं वाटतं, तोच.

आता मला येत होतं का काही? येत होतं की! शिकले होते मी. रोह्याला जाऊन शिकले होते, रीतसर गुरू करून. तिथे जवळच वरशाला केरूभाऊ राहतात, धाटावला कंपनीत आहेत, ते आधी चार वर्षं आफ्रिकेत नोकरीला होते, तिथे एका समुद्राएवढ्या तळ्यावर चालत्या होडीमागून गळ ओढत न्यायची विद्या शिकून आले. म्हणजे कसं, आपण एका जागी बसून माशाची वाट बघायची नाही, होडी हळूहळू चालत ठेवायची, मागे पन्नास पावलांवर लाकडाचा खोटा मासा वळवळत यायला हवा, आणि तो खोल जायला हवा, जिथे मोठे मासे पडून असतात तिथे. चार रविवार गेले मी, पेणहून गाडीने. पण केरूभाऊंकडे होडी नाही! स्कूटर आहे! तर आमचा सराव कुठे? वरशाच्या रस्त्यावर! ते पुढे स्कूटर चालवतायत, चालत्या माणसाच्या वेगाने, मी मागे उलटी तोंड करून बसलेय, हातात त्यांची आफ्रिकेतली गळाची काठी, चाकावर दोरी गुंडाळलेली, आणि मागे डांबरावरून लाल रंगाचा लाकडी मासा खडखडत येतोय, गळ काढून ठेवलेला. लोक दारात! "केरू, काय रे पकडतोस?" आणि केरूभाऊ मागे न बघता शिकवतायत, "वेग सारखा ठेवायचा, गिरजा! वेग वाढला की मासा वर येतो, वेग घटला की खाली जातो! ध्यानात ठेव!" मी म्हणतेय हो, हो... आणि एक पिवळं कुत्रं आलं, त्याने तो मासा तोंडात धरला आणि जे पळालं! काठी वाकली! मी किंचाळले! केरूभाऊ ओरडले, "ढील दे! ढील दे! दमव त्याला!" तुम्हाला सांगते, मी तीन घरं ओलांडून त्या कुत्र्याला दमवलं, दोरी तुटू न देता. केरूभाऊंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "पास!"

एकच धडा राहिला. शेवटच्या रविवारी ते सांगायला लागले, "आता सगळ्यात महत्त्वाचं ऐक. वळताना..." आणि तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीची बस! दुसरी पाळी! डबा काखेत मारून पळाले, धावता धावता म्हणाले, "वळताना काय ते फोनवर सांगतो!" आणि पाळी, झोप, पाळी, झोप, फोन काही आला नाही. मी म्हटलं जाऊ दे. आपण सरळच जाऊ. वळायचंच कशाला?

खोल न्यायचं साधन बाजारात मिळतं, पण ते परदेशी. मग मी घरात शोधलं. आईचा वरवंटा! दगडी, जड, गुळगुळीत. त्याला सुताची भक्कम दोरी, दोरीला दर मीटरला जुन्या साडीची चिंधी, म्हणजे खोली मोजता येते, आणि वरवंट्याच्या वर हातभर अंतरावर कपडे वाळत घालायचा चिमटा. गळाची दोरी चिमट्यात पकडायची आणि सगळंच पाण्यात सोडायचं. वरवंटा खाली ओढतो, मासा लागला की चिमटा सुटतो, वरवंटा राहतो आणि मासा येतो. विज्ञान! आई म्हणाली, "गिरजे, माझा वरवंटा नीट परत आण हां." आईचा विश्वास एवढाच.

आणि बुधवारी पहाटे मी काठावर, सगळं बांधून तयार, आणि मामा होडीत बसायलाच तयार नाही. उकिडवा बसून बिडी ओढतोय. काय झालं? "आज पुनव. पुनवेला भरती बाराला, म्हंजे सहाला पूर्ण सुकती. पानी सुकलेलं असताना नाव कोन काडतं? चिखलात बसंल." सुकती म्हणजे ओहोटी. म्हटलं, मामा, समोर बघ. आहे का चिखल? भिंतीपर्यंत पाणी आहे! म्हणाला, "दिसतंय तसं." म्हणजे काय?! आणि हिशेब तोंडपाठ, खाडीवाल्यांचा, पुनव-अवसेला बारा, पुढे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब बिनचूक! खाडीसाठी! मामा, धरणाला भरती येत नाही! "तू पुस्तकात बघितलंस. मी पान्यात बघितलंय." या पिढीशी वाद घालणं म्हणजे... नाही, मला सांगा, तुमच्याकडे पण असतीलच ना असे? की सगळे माझ्याच वाट्याला आलेत?

शेवटी आईने हाक मारून दटावलं तेव्हा बसला. पण बसून काय! बुधवारी मी म्हणे सरळ, तो जाणार काठाकाठाने, "सुकतीला खोलात जात नाय." गुरुवारी इंजिन बंद करून बसला, "पानी थांबलाय, आपन पन थांबायचा." शुक्रवारी वाट्याला काय आलं, तर एक चप्पल. डाव्या पायाची. शनिवारी मी शपथ घातली, की मामा, बोलू नकोस, फक्त सरळ चालव, वेग सारखा. आणि चालवली हो त्याने! भिंतीपासून डोंगरापर्यंत, डोंगरापासून भिंतीपर्यंत, इंजिन उचलून, होडी हाताने फिरवून, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, सहा वेळा. मासा? शून्य. काठावर हैबतराव खुर्ची टाकून बसलेले, दुर्बीण लावून, आणि शेजारी रंगारी, हातात पांढऱ्या रंगाचा डबा. ओरडून विचारतात, "पंख किती मोठं काडायचं गो?"

त्या संध्याकाळी मी रडले. रागाने! दुःखाने नाही, तुम्हाला सांगून ठेवते. मामा ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "उद्या चवथ हाय. भरती तीनला, म्हंजे नवाला पानी फिरंल." मी उठून आत गेले.

रविवार. संकष्टी चतुर्थी. सकाळी सातपासून आम्ही पाण्यात, काठावर अख्खं गाव आणि हैबतरावांची दुर्बीण, अकराला सभा, मी काठी धरून, वरवंटा खाली, दहा चिंध्या सोडलेल्या, म्हणजे दहा मीटर. होडी सरळ. वेग सारखा. आठ वाजले. सरळ. साडेआठ. सरळ. मी मनात हंसावर बसलेली जोडपी मोजतेय. आणि मामा सारखा आभाळाकडे बघतोय, पाण्याकडे बघतोय, बोट बुडवून चाखतोय... नऊला दोन मिनिटं कमी, तो उठून उभा राहिला! होडीत! म्हटलं, मामा, बस! "फिरला!" काय फिरलं? "पानी फिरला! भरती लागली!" मामा, धरणाला भरती... माझं वाक्य संपायच्या आत त्याने इंजिनाचा दांडा असा काही रेटला, की होडी जागच्या जागी गर्रकन वळली, खाडीत भरती लागली की तोंड फिरवतात तशी, मी आडवी झाले, वेग एकदम पडला, आणि मागे तिरपी ताणलेली वरवंट्याची दोरी सैल पडून सरळ खाली गेली. तिरपी असताना सहा-सात मीटरवरच राहिलेला वरवंटा आता खरोखर दहा चिंध्या खोल! मी ओरडणार, इतक्यात...

टप्! चिमटा सुटला!

आणि काठी! अहो, काठी नव्हे, कमान! चाकावरची दोरी अशी पळाली, अशी पळाली, की माझा अंगठा भाजला! मी "मामा! मामा!" आणि मामा शांत, "वढू नको! जाऊ दे त्याला. थकू दे. खाडीतल्या घोळ माशासारखं खेळव." मला ते पिवळं कुत्रं आठवलं, शप्पथ! ढील दे, दमव, ढील दे, दमव. आणि तिकडे वरवंटा तळाला कशात तरी अडकलेला, त्याची दोरी होडीला बांधलेली, मासा ओढतोय पूर्वेला, वरवंटा धरून ठेवतोय पश्चिमेला, होडी मधे गोल गोल! मामाने कमरेचा सुरा काढला. माझ्याकडे बघितलं. "मासा का वरवंटा?" देवा! एका बाजूला माझी होडी, माझा धंदा, माझं सगळं पुढचं आयुष्य... आणि दुसऱ्या बाजूला आई! म्हटलं, काप! कापली दोरी. बुडाला वरवंटा. माझ्या आजीच्या वेळचा.

पाऊण तासाने वर आला तो. शिवडा! लांबच्या लांब, रुपेरी, अंगावर एक खवलं नाही, तोंड कानापर्यंत फाटलेलं आणि वर दोन लांब मिशा. मी बघतच राहिले. हुबेहूब हैबतराव! मामाने ओल्या गोणपाटात घेतला, पाणी भरलेल्या टबात ठेवला, आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाला, "पोरी, खाडीत असतीस तर..." आम्ही दोघं नुसते वेड्यासारखे हसत होतो, होडी आपली हवी तिकडे चाललेली!

अकराला पाच कमी असताना टब सभेत. आणि आता नवा घोळ, संकष्टी! अख्ख्या कमिटीचा उपास! मासा तोलायला हात लावणार कोण? हैबतराव चार हात लांब उभे राहून म्हणतात, "उद्या तोलू." उद्या? उद्यापर्यंत मासा मरेल, मी म्हटलं, जिवंत ठरलंय! मग मामाच म्हणाला, हिला माशासकट काट्यावर उभी करा, मग हिला एकटीला करा. झालं! रेशनच्या दुकानातला मोठा काटा आणला. चौदा... थांबा, आत्ताच सांगत नाही! मी माशाला ओल्या गोणपाटासकट मिठीत घेऊन उभी, तो शेपटीने थपडा मारतोय, दुकानदार मोठ्यांदा, "पंचाहत्तर!" मासा टबात. मग त्याच ओल्या गोणपाटासकट मी एकटी, अख्ख्या गावासमोर, त्याहून मोठ्यांदा, "एकसष्ट!" मागून कुणी बाई हळूच म्हणाली, "दिसत नाय गो तेवढी." चौदा किलोचा मासा! आणि वजन कुणाचं लक्षात राहिलं? माझं!

आणि लगेच मी टब उचलून, मामाला दुसरा कान धरायला लावून, मासा परत पाण्यात सोडला. शेपूट एकदा हलली आणि गेला. हैबतरावांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, "गेला... खरंच सोडला..." पण शब्दाला जागले हो, तेवढं म्हणायला पाहिजे. होडी माझी. ठराव झाला, टाळ्या झाल्या, आई सोडून सगळे हसत होते. आई विचारत होती, "वरवंटा कुठाय?"

रात्री केरूभाऊंना फोन लावला, पाळी संपवून आले होते. सगळं सांगितलं. म्हणाले, "अगं, तेच तर सांगत होतो! वळताना वेग पडतो, आमिष खोल जातं आणि वळणावरच मासा लागतो! सरळ कोण चालवतं?" ऐकलंत? वळण! वेग! शास्त्र! मी उड्या मारत ओटीवर आले, मामाला सगळं कागदावर काढून समजावलं, होडी, दोरी, वरवंटा, बाण. त्याने कागद नीट बघितला, घडी घातली, बिडी पेटवली. "व्हय. पन वळलो का? भरती लागली म्हनून."

आता आम्ही दर शंभर पावलांवर वळतो. मासे लागतात, लोक येतात, शिवड्याला मिठी मारून फोटो काढतात, सोडतात, रडतात, परत येतात. मामाचा पगार मी ठरवलाय, वेळ मामाने ठरवलीय. कारण गावाने नऊला पाणी फिरलेलं बघितलंय! सगळ्यांनी! दुर्बिणीतून! सोसायटीने काठावर पाटी लावलीय, मोठ्या अक्षरात, "नाव भरतीला सुटेल." मी तीनदा पुसली, तीनदा परत आली. आणि हंसाची मान? ती फेकायला कुणाचा हात धजत नाही, डोळे बघितलेत ना तिचे? मग कुठे ठेवायची? लावली माझ्याच होडीला पुढे. बसायच्या आधी गिऱ्हाईक चप्पल काढतं.

आईने नवा वरवंटा आणलाय, तो कपाटात कुलूप घालून ठेवते.

आणि परवा पनवेलहून एका साहेबांचा फोन. "मॅडम, रविवारी आम्ही चौघं येतोय, नाव किती वाजता सुटते?" मी छाती भरून श्वास घेतला. म्हटलं आज सांगायचंच, ठणकावून, की साहेब, हे धरण आहे, इथे भरतीबिरती काही नसते, तुम्ही म्हणाल तेव्हा सुटेल! तोंड उघडलं... समोर मामा पाण्यात मूठभर मीठ टाकत होता आणि हंस माझ्याकडे बघत होता.

"एक मिनिट हं साहेब, कॅलेंडर बघते... रविवारी एकादशी ना? एकादशीची पाऊणपट... सव्वाआठला या."